गाडी डावीकडं का ओढायची

मी उभ्या आयुष्यात दारूचा थेंब तोंडाला लावला नाही. हे फुशारकीनं सांगत नाही, भीतीनं सांगतो. माझे वडील शिंदी प्यायचे. गावाबाहेरच्या शिंदीच्या बनात त्यांचा दिवस उगवायचा, तिथंच मावळायचा, आणि शेवटी त्या बनातूनच चौघांनी त्यांना उचलून घरी आणलं. आईनं माझ्याकडून शपथ वगैरे काही घेतली नाही. ती नुसती माझ्याकडं बघत बसली. तेवढं मला जन्माला पुरलं. म्हणून जर्मनच्या दुसऱ्या लढाईच्या वर्षांत, निजामाच्या राज्यातल्या धाराशिवच्या बाजारात लोक मला 'पिणारा ड्रायव्हर' म्हणायला लागले, तेव्हा माझ्या जिवाचं काय झालं ते मलाच माहीत.

मी तेव्हा एका वकीलसाहेबांची मोटार चालवत होतो. साहेबांची वकिली जोरात होती. धाराशिवची कचेरी तर रोजचीच, शिवाय तुळजापूर, नळदुर्ग अशा फेऱ्या असायच्या. मोटार विलायती, काळी, चौकोनी, आमच्याकडं येण्याआधी दोन मालकांनी झिजवलेली. पेट्रोल चिठ्ठीवर मिळायचं आणि सुटे भाग चिठ्ठीवरही मिळायचे नाहीत. तरी मी तिला पोटच्या पोरीसारखी जपायचो. रोज पुसायचो, दर पंधरा दिवसांनी ग्रीस भरायचो, आणि दर अमावास्येला साहेबांच्या मातोश्री, म्हणजे मोठ्या बाई, शेंदूर आणि करडीचं तेल वाटीत कालवून द्यायच्या, ते पुढच्या आसाला लावायचो. त्यांच्या माहेरी बैलगाडीच्या आसाला असं करत. मोटारीला बैल नसले तरी आस आहे, मग तिनं काय पाप केलं, असं त्यांचं म्हणणं. बाई म्हणायच्या, पाच बोटं लाव. मी पाच बोटांवर थांबणारा नव्हतो. भक्ती माझी जरा ओसंडूनच वाहायची. वाटीतलं संपेपर्यंत मी आसाची दोन्ही टोकं थापून थापून मारुतीसारखी लाल करायचो.

त्या उन्हाळ्यापासून मोटार डावीकडं ओढायला लागली. स्टिअरिंग सरळ धरलं तरी ती आपली सडकेच्या कडेला निघायची. मी जोर लावून उजवीकडं घ्यायचो, तर एकदम जास्तच उजवीकडं यायची. खड्डा लागला की पुढची दोन्ही चाकं थडथडायची आणि मनगटापासून खांद्यापर्यंत मुंग्या यायच्या. लांबून बघणाऱ्याला काय दिसणार? गाडी झोकांड्या खाते आणि आत एक ड्रायव्हर बसलाय. लोकांनी दोन आणि दोन चार केले. तुळजापूरच्या नाक्यावरचा शिपाई एकदा चार माणसांत म्हणाला, "काय डायवर, आज सकाळधरनंच का?" सगळे हसले. माझं डोकं फिरलं. मी त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. त्यानं झालं एवढंच, की जो संशय होता त्याची खात्री पटली. इतका तोंडाळ माणूस शुद्धीत असेलच कसा!

मग एक दिवस तुळजापूरचा घाट उतरून आम्ही नळदुर्गला निघालो होतो. समोरून कडब्यानं भरलेली गाडी आली. मी बाजू द्यायला जरा डावीकडं घेतलं, मोटारीनं ते फारच मनावर घेतलं. डावं चाक नालीच्या काठावर गेलं. मी जिवाच्या करारानं उजवीकडं ओढलं, तर ती थेट बैलांच्या तोंडावर. कडबा छताला घासत गेला, गाडीवान ओरडला, आणि वीतभराच्या अंतरानं सगळे वाचलो.

साहेबांनी गाडी थांबवायला सांगितली. खाली उतरले. मीही उतरलो. साहेबांच्या अंगात काळा कोट, हातात कागदांचं बंडल, आणि चेहरा पांढराफटक.

"तोंड उघड," ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मी तिशी ओलांडलेला, दोन लेकरांचा बाप. भर सडकेवर, त्या गाडीवानाच्या देखत, मी तोंड उघडलं आणि साहेबांनी वाकून वास घेतला. सकाळी भाकरीबरोबर कांदा खाल्ला होता. त्याचा वास त्यांना आला असणार, दुसरा येणारच नव्हता. पण माणसाच्या मनात एकदा बसलं की कांद्यालाही शिंदीचा वास येतो.

मी म्हणालो, "सायेब, गाडीतच कायतरी बिघडलंय. लई दिस झाले, ती डावीकडं वढती."

"गाडीला बोलता येत नाही म्हणून तिच्यावर ढकलतोस," साहेब म्हणाले. "ह्या आठवड्यापुरता तू राहा. सोमवारपासून मी दुसरा माणूस बघतो."

उरलेली वाट मी कशी चालवली ते आठवत नाही. डोळ्यांत पाणी येत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. नोकरीचं दुःख होतंच. पण मला सारखं वाटत होतं, आता हे आईच्या कानावर जाणार. 'बापावर गेला' असं लोक म्हणणार, आणि ती पुन्हा तशीच बघत बसणार.

साहेबांना तहसिलीत सोडलं आणि मी मोटार घेऊन सरळ मिस्त्रीकडं गेलो. सोलापूर–हैदराबाद सडकेच्या कडेला, एका कडुलिंबाखाली त्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार पत्रे, एक भाता, एक ऐरण आणि मोडक्या लॉऱ्यांचा ढीग. साठीचा मुसलमान माणूस, दाढी पांढरी, पण ग्रीसनं कायम काळी. आमच्या मोटारीचं ग्रीस मी वर्षानुवर्षं त्याच्याकडूनच न्यायचो. एरवी मी त्याला चाचा म्हणायचो. त्या दिवशी सलाम नाही की दुवा नाही, आल्या आल्या ओरडलो, "ह्या गाडीला बघा न्हाय तर मला तरी खड्ड्यात गाडा!"

त्यानं मला पाणी दिलं. मग काही न विचारता पुढच्या आसाखाली जॅक लावला आणि डावं चाक जमिनीवरून उचललं. एक हात चाकाच्या डोक्यावर, एक हात खाली, आणि आत-बाहेर हलवलं. खडक्, खडक्. अख्खं चाक लुळं पडलेल्या हातासारखं डुलत होतं.

"आत बस, ब्रेक दाब," तो म्हणाला.

मी दाबला. त्यानं पुन्हा हलवलं. पुन्हा खडक्, खडक्.

"बेरिंग असती तर ब्रेक दाबल्यावर गप बसली असती. ही किंगपिन हाय बाबा. चाक ज्या खुंटीवर वळतं ना, ती खुंटी झिजली, आन् तिच्या भोवतीचं पितळी बुश तर समदं खाऊन टाकलं. ह्या गाडीला बडे बडे पैलवान बी सरळ चालवू शकनार न्हाईत. तू चालवत व्हतास हेच लई."

ते शेवटचं वाक्य ऐकून मी खाली धुळीत बसलो आणि रडलो. खोटं कशाला सांगू. महिनोन्‌महिने कुणीतरी एवढं म्हणावं म्हणून मी आसुसलो होतो.

 मिस्त्री मात्र आसाच्या टोकाशी वाकून काहीतरी खरवडत होता. किंगपिनच्या वर ग्रीस भरायची एक बारीक गोल घुंडी असते, तिला टाचणीएवढं भोक. त्यानं आरीनं त्यावरचा थर उकरला. शेंदराचा लाल खडा निघाला, बोटभर जाडीचा, दगडासारखा. करडीचं तेल आणि शेंदूर वाळला की असाच होतो. तो खडा तळहातावर घेऊन त्यानं माझ्यापुढं धरला.

"हे कुनी लावलं?"

"म्या."

"आन् ग्रीस?"

"भरत व्हतो की. दर पंधरा दिसाला. बाहेर आलं की समजायचो, पोट भरलं."

बोलता बोलताच माझ्या ध्यानात आलं. पंपाचं ग्रीस आत कधी गेलंच नव्हतं. भोक बंद, मग ते कडेनं बाहेर यायचं, आणि मी समाधानानं पुसून घ्यायचो. आतली पिन कोरडी फिरून फिरून झिजली. गाडी बिघडवणारा मीच. मी शेंदूर थापत होतो आणि माझ्याच हातानं माझ्या कपाळावर 'दारुड्या' लिहीत होतो.

मिस्त्रीनं तो खडा फेकला नाही, पायदळी येऊ दिला नाही. कागदाच्या पुडीत बांधून बाजूला ठेवला. मग रॉकेलच्या बोळ्यानं दोन्ही टोकं पुसून पुसून साफ केली, आणि म्हणाला, "जा. साहेबांना बलावून आन."

साहेब आले. मिस्त्रीनं त्यांना कोटाच्या बाह्या वर करायला लावल्या आणि चाक हातात दिलं. "हलवा." साहेबांनी हलवलं. खडक्, खडक्. त्यांनी पुन्हा एकदा हलवलं, मग माझ्याकडं बघितलं आणि लगेच दुसरीकडं.

"डायवर पीत न्हाय, साहेब," मिस्त्री म्हणाला. "गाडी तहानलेली हाय."

पण वकील तो वकीलच. "झिजली कशानं?" त्यांनी विचारलं. 

मिस्त्रीनं हात पुसायला घेतले. "लढाईचा जमाना हाय. ग्रीस चांगलं कुठं मिळतंय? सडकाबी अशा. झिजती बिचारी." माझ्याकडं त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही.

साहेबांनी काम करायला सांगितलं, सर्व्हिस मोटारीनं ते धाराशिवला परतले, आणि मी नळदुर्गला राहिलो. जाताना ते सोमवारबद्दल काही बोलले नाहीत. माझ्यासाठी तो मोठा प्रसाद होता.

काम तीन दिवस चाललं. नवीन पिन मिळणं शक्यच नव्हतं. मिस्त्रीनं एका मोडक्या लॉरीच्या पिना काढल्या. त्या जराशा जाड होत्या, पण पोलाद चांगलं होतं. आमच्या जुन्या पिना बाहेर यायला तयार नव्हत्या. रात्रभर रॉकेल पाजून ठेवल्या, सकाळी भात्यानं शेक दिला आणि मी घण मारला तेव्हा कुठं हलल्या. स्प्रिंगच्या पाट्यांचे बोल्टही झिजले होते, तेही बदलले. खरं काम पुढंच होतं. मिस्त्रीनं पितळेचे नवीन बुश घडवून बसवले, पण पिन त्यात इतकी घट्ट की वळेना. मिस्त्रीनं कंदिलाच्या काचेतली काजळी तेलात कालवली, पिनेला पुसटशी लावली, पिन बुशात घालून एकदा फिरवली आणि काढली. बुशाच्या आत जिथं जिथं काजळी लागली तिथं धातू उंच. तेवढंच तो रंध्यासारख्या पात्यानं नखाएवढं खरवडायचा. पुन्हा काजळी, पुन्हा पिन, पुन्हा खरवड. एका बाजूच्या बुशांना अर्धा दिवस गेला. मी वैतागून म्हणालो, "चाचा, एकदाच घासून मोकळं करा की." तो म्हणाला, "मोकळं केलं की तेच व्हनार, जे आत्ता झालंय. पिन आपल्या वजनानं हळूच खाली उतराया पायजे. पडाया नको आन् अडकाया बी नको." आणि दुसऱ्या दिवशी दुपारी खरंच ती तशीच उतरली. आम्ही दोघंही तिच्याकडं बघत राहिलो.

जेवणाची एक गोष्ट सांगायलाच हवी. पहिल्या संध्याकाळी मिस्त्रीच्या बायकोनं मला शिजलेलं काही पाठवलं नाही. ज्वारीचं पीठ, तुरीची डाळ, मिरच्या, मीठ आणि कुंभाराकडचं कोरं मडकं पाठवलं. ह्याला आपल्या हातचं चालणार नाही, उपाशी राहील, म्हणून. मी तीन दगड मांडले, भाकरी करायला बसलो, आणि जे काही थापलं त्याला भाकरी म्हणणं म्हणजे भाकरीचा अपमान. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी मडकं परत केलं आणि म्हणालो, "चाची, तुमच्याच हातची वाढा. माझ्या हातचं खाऊन मी मरतो का काय!" ती पडद्याआडून हसली. अंबाडीची भाजी होती. इतकी चांगली भाजी मी त्या आधी खाल्ली नव्हती, नंतरही नाही.

त्या जेवणावर मी मिस्त्रीला विचारलं, "तुमी सायबांपुढं माझं नाव का घेतलं न्हाय?"

त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. "चूक तर झाली, पर देवाचं नाव घेऊन झाली. ती वकिलापुढं कशाला मांडायची? आन् दुसरं सांगतो. माझ्या तोंडून 'शेंदरानं गाडी खराब झाली' असं निघालं असतं, तर गाडी ऱ्हायली असती बाजूला. दिवस कसे हायेत ते बघतोस ना?"

दिवस खरंच तसे होते; हिंदू-मुसलमानांत ठिणगी पडायला एवढंसं निमित्त पुरायचं.  निघताना त्यानं ती पुडी माझ्या खिशात घातली. "नदीत सोड," म्हणाला.

मोटार सडकेवर काढली, आणि पहिल्याच फर्लांगात मी उजवीकडच्या बाभळीत घुसता घुसता राहिलो. हातांना इतक्या महिन्यांची सवय, गाडी डावीकडं ओढणारच म्हणून ते आपोआप उजवीकडं ओढत होते, आणि ती आता ओढतच नव्हती. मागं मिस्त्री कपाळावर हात मारत होता. तुळजापूर येईपर्यंत मी हातांना समजावत आलो. मग एकदा दोन बोटांनी स्टिअरिंग धरून पाहिलं. सरळ. नाक्यावरच्या शिपायासमोरून मी मुद्दाम सावकाश गेलो. एवढा मोह आवरला नाही.

घरी मोठ्या बाई ओवाळायला दारात उभ्या होत्या. ताटात नारळ, हळदकुंकू आणि कालवलेल्या शेंदराची वाटी. साहेब ओसरीवर होते. मोटार दोनदा फिरवून बघून ते खूष झाले होते. पण खूष झालेला वकील जास्त विचार करतो.

"एक सांग," त्यांनी मला विचारलं, "आपण ग्रीस कुणाकडून आणतो?"

"मिस्त्रीकडनंच, सायेब."

"म्हणजे खराब ग्रीस विकणारा तोच, आणि 'ग्रीस खराब होतं म्हणून झिजली' असं मला सांगणाराही तोच! लढाईच्या दिवसांत भेसळीचा माल विकतो आणि तोंड वर करून बोलतो. माणसं मेली असती आपली त्या दिवशी. उद्या नळदुर्गच्या पोलीस अमीनसाहेबांकडं अर्ज देतो. चार दिवस कोठडीत बसला की अक्कल येईल."

 साहेब लिहितील तो अर्ज खाली पडायचा नाही, हे सगळा जिल्हा जाणत होता. मला गप्प बसणं इतकं सोपं होतं! माझी नोकरी टिकली होती, माझं नाव धुऊन निघालं होतं, आईपर्यंत काहीच गेलं नव्हतं. आणि खरं सांगतो, एक क्षण मी गप्प बसलोही. त्या क्षणाची लाज मला आजही वाटते.

मग मी खिशातली पुडी काढली आणि ओसरीच्या कडेवर उघडून ठेवली.

"सायेब, ग्रीस चांगलं व्हतं. ते आत गेलंच न्हाय. भोकावर हा शेंदूर बसला व्हता. बाईंनी पाच बोटं सांगितली व्हती, म्या मूठभर थापला. गाडी म्या बिघडवली. मिस्त्रीला हे ठाव व्हतं, मला वाचवाया त्यानं ग्रीसवर घातलं. अर्ज द्यायचा तर माझ्या नावानं द्या."

साहेबांनी खडा उचलला, उलटासुलटा केला. मोठ्या बाई ताट घेऊन तशाच उभ्या होत्या. पहिल्यांदा त्याच बोलल्या. "अरे, मग मला आधी नाही का सांगायचंस? देवाला काय एवढी भूक असते?" असं म्हणून त्यांनी शेंदराची वाटी आत ठेवली, हळदकुंकवाचं एक बोट पुढच्या काचेला लावलं आणि नारळ माझ्या हातात दिला. साहेब उठून आत गेले. मला ना जा म्हणाले, ना राहा. त्या रात्री मी जेवलो नाही.

सकाळी निरोप आला, मोटार काढ, नळदुर्गला जायचंय. वाटेत ते बंडलातले कागद चाळत होते. मला वाटलं, अर्ज त्यांच्या बंडलात आहे आणि तो माझ्या नावाचा आहे. तहसिलीकडं वळायला लागलो तर म्हणाले, "इकडं नको. लिंबाखाली घे."

मिस्त्री लॉरीखालून सरपटत बाहेर आला. वकीलसाहेब उतरताना त्यानं पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. त्याला वाटलं, सगळं बाहेर आलं आणि माझी नोकरी गेली. साहेबांना सलाम करायचंही विसरून तो घाईघाईनं माझ्याकडं आला.

"नोकरी ऱ्हायली का?" त्यानं हळूच विचारलं.

 कोठडी त्याच्या वाट्याला येणार होती, हे त्याच्या गावीही नव्हतं. त्याला घोर माझा.

"राहिली, मिस्त्री," साहेब माझ्या मागून म्हणाले. "पण ह्याची माफी मागायच्या आधी मला तुमची मागायची आहे. काल मी तुमच्यावर अर्ज करायला निघालो होतो." आणि काळ्या कोटासकट ते त्या ग्रीस सांडलेल्या बाकड्यावर बसले.